पुढच्या रांगेतला मार्कर

रायपुरात कुणी विचारलं, काय करतेस, तर मी सांगायचे, टेनिस खेळते. पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "वो तो ठीक है, लेकिन काम क्या करती हो?" हा प्रश्न मला गुढियारीतल्या आमच्या गल्लीत मालगोदामावरच्या हमालांनी विचारला आणि क्लबाच्या हिरवळीवर साहेबांच्या बायकांनीही विचारला. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच काळजी होती, की या मुलीचं पुढे होणार काय.

त्यांची काळजी खरी ठरली. ज्या वयात माझ्या मैत्रिणी नोकरीत कायम झाल्या, त्या वयात मी निवृत्त झाले. निवृत्त हा शब्द माझ्या तोंडून ऐकून लोक हसतात, पण खांदा वर जात नाही आणि यादीत नाव नाही, अशा खेळाडूला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

संपादकांनी टेनिसच्या झगमगत्या दुनियेबद्दल लिहायला सांगितलं. झगमगाट मी एकदाच जवळून पाहिला. तो एक सोफा होता. त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधी हा धंदा कसा चालतो ते सांगावं लागेल.

टीव्हीवर दिसतं ते टेनिस म्हणजे इमारतीची गच्ची. खाली कित्येक मजले आहेत, आणि सगळ्यात खालच्या मजल्यावर आमच्यासारख्या मुली असतात. एखाद्या कारखान्याच्या वसाहतीत, एखाद्या जिल्ह्याच्या गावी स्पर्धा भरते. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या आया. आम्ही स्लीपरच्या डब्यातून जायचो, रॅकेटची पिशवी उशाला घेऊन झोपायचो, आणि मुक्कामी पोचल्यावर आधी बादली शोधायचो, कारण खेळायचे कपडे दोनच. आधी पात्रता फेऱ्या जिंकायच्या, मग मुख्य स्पर्धेत जागा मिळणार, आणि तिथे पहिली फेरी जिंकली तर एक गुण. एकच. आमच्या वेळी नियम असा होता, की वर्षभरात तीन वेगवेगळ्या स्पर्धांत गुण मिळवल्याशिवाय जगाच्या यादीत नाव येत नाही. यादीत नाव नसेल तर पुढच्या स्पर्धेत पुन्हा पहिल्या पायरीपासून. आणि वर्ष उलटलं की मिळवलेला गुणही पुसला जातो. रेल्वेच्या पाससारखा.

माझा पहिला गुण मला इडलीने दिला. समोरची मुलगी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती, पण सकाळी स्टेशनवर खाल्लेल्या इडलीनं तिला दुसऱ्या सेटमध्ये गाठलं. ती पोट धरून खाली बसली आणि पंचांनी मला विजयी घोषित केलं. मी तिला पाणी नेऊन दिलं. ती म्हणाली, मला तुझी दया नको, गुण परत दे. आम्ही दोघी हसलो. तिचं हसू जरा कमी होतं.

दुसरा गुण मात्र मी कमावला. समुद्राकाठच्या एका कारखान्याच्या गावी माझ्या दोन्ही रॅकेटच्या तारा तुटल्या. पात्रता फेरीत मी जिला हरवलं होतं, ती तमिळ मुलगी गाडी रात्रीची म्हणून कोर्टाबाहेर बसली होती. तिनं आपली रॅकेट कुंपणाच्या जाळीवरून आत दिली. त्या रॅकेटनं मी जिंकले. कामगारांच्या एकजुटीवर मी लहानपणापासून पुष्कळ वाचलेलं होतं. हातात घेऊन पाहिली ती त्या दिवशी.

वाचलेलं कुठे, तर मामाकडे. माझा मामा प्रभाकर रायपूरला लागून असलेल्या बीरगावात राहायचा, तिथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमध्ये कामगारांची संघटना चालवायचा. त्याची हिंदी पत्रकं बूढापाऱ्यातल्या एका छापखान्यात छापली जात आणि घड्या घालायला आमच्या घरी येत. नागपूरच्या साथींची मराठी पत्रकंही त्याच्याकडे गठ्ठ्याने यायची. शाळेत मराठी नव्हतीच. मी अक्षर ओळखून वाक्य वाचायला शिकले ती या पत्रकांवर. त्यामुळे माझ्या मराठीचा आवाज जरा चढलेला असतो. वाचकांनी सांभाळून घ्यावं. 'मागणी' हा शब्द मला 'विनंती'च्या आधी आला.

आणि बाबा? बाबा मार्कर होते.

मार्कर म्हणजे क्लबचा पगारी खेळाडू. पहाटे कोर्ट झाडायचं, पाणी मारायचं, जाळी ताणायची, आणि मग साहेब येतील तसं त्यांच्याशी खेळायचं. बाबा नागपूरच्या एका क्लबात बॉल उचलता उचलता शिकले आणि तरुणपणी रायपूरला आले. क्लबात त्यांच्याइतकं चांगलं कुणी खेळत नव्हतं. पण क्लबच्या वार्षिक स्पर्धेत मार्करला भाग घेता यायचा नाही. सभासदांच्या खुर्चीवर त्यानं बसायचं नाही. तो खेळाडू असतो, पण खेळात नसतो.

मार्करचं कौशल्य जिंकण्यात नसतं. समोरच्याला आपण छान खेळतो असं वाटायला लावणं, यात असतं. बाबांचा बॉल कमरेइतका उंच, जरा सावकाश, बरोबर साहेबांच्या उजव्या हाताला यायचा. साहेबांनी तो मारला, की बाबा म्हणायचे, "शॉट, साब!" तिथे पॉइंट संपायचा. बॉल पोचण्यासारखा असला तरी बाबा थांबायचे. रेषेच्या बोटभर बाहेर पडला तरी आधीच 'शॉट' म्हणून टाकायचे, म्हणजे वाद नको. बॉल टप्पा घेण्याआधी त्यांच्या तोंडून शब्द गेलेला असायचा.

मी त्याच कोर्टावर शिकले, दुपारच्या उन्हात, साहेब जेवून झोपलेले असताना. बाबा माझ्याशीही तसेच खेळायचे. मी बॉल बरा मारला की "शॉट, रंजू!" आणि ते उभे. मीही रॅकेट खाली करायचे. लहान मुलीला यापेक्षा मोठं बक्षीस काय असणार? कित्येक वर्षं माझ्यासाठी पॉइंट संपण्याची खूण रेषा नव्हती, बाबांचा आवाज होता.

मग वेगळं राज्य झालं. रायपूर राजधानी झालं. भोपाळहून साहेबांचे ट्रक भरभरून सामान आलं, भिंती रंगल्या, जिथे दोन अधिकारी होते तिथे वीस आले आणि त्यातले बरेच टेनिस खेळणारे निघाले. बाबा पहाटेपासून अंधार पडेपर्यंत कोर्टावर. मामा चिडवायचा, "भाऊजी, नवं राज्य तुमच्याच भरवशावर चालून राहिलं. साहेब सकाळी जिंकते, म्हणून दिवसभर खूश असते." बाबांना हा टोमणा कौतुकासारखा वाटायचा. "असंन बापा," ते म्हणायचे, "आपल्यामुळं कुणाचा दिवस बरा जात असंन, तर काय वाईट?" मला हे ऐकून संताप यायचा. मी बाहेरगावी तरबेज मुलींशी खेळून, हरून घरी यायचे आणि पाहायचे, की माझ्या ओळखीतला सगळ्यात चांगला खेळाडू एका ढेरपोट्या माणसाला मुद्दाम जिंकू देतोय.

माझे दोन गुण झाले त्या वर्षी राजधानीला मुलींची व्यावसायिक स्पर्धा हवीशी वाटली. नव्या राजधानीला सगळंच हवंसं वाटायचं. स्पर्धा आमच्याच क्लबात ठरली. कोर्टाला नवा निळा रंग लागला. आयोजकांच्या हातात एकदोन जागा असतात, पात्रता फेऱ्या न खेळता थेट मुख्य स्पर्धेत. त्याला वाइल्ड कार्ड म्हणतात. एक मला मिळालं, कुणाच्या पाया न पडता. पहिली फेरी जिंकले असते तर तिसरा गुण. यादीत नाव. आणि इडलीवाला गुण महिन्याभरात पुसला जाणार होता, म्हणजे हाच मोका होता.

सामन्याच्या आदल्या दिवशी मी क्लबच्या सेक्रेटरींकडे गेले आणि माझी मागणी मांडली. माझे वडील उद्याचा सामना बसून पाहतील, पुढच्या रांगेत. नाहीतर मी खेळणार नाही. मी मुद्दे पाठ करून गेले होते. मार्करचा अपमान, श्रमाची प्रतिष्ठा, सगळं. सेक्रेटरींनी पहिल्या वाक्यालाच मान डोलावली. "अरे बिटिया, ये भी कोई कहने की बात है? फोटो भी अच्छी आएगी." मामाच्या सगळ्या आयुष्यात एवढ्या लवकर मान्य झालेली मागणी नव्हती. तिथेच मला शंका यायला हवी होती, असं मामा पुढे म्हणायचा. मला मात्र जिंकल्यासारखं वाटलं.

घरी मी बाबांना हे सांगितलं. त्यांची सामने पाहायची एक जागा होती, कोर्टाच्या मागच्या हिरव्या कापडाआड, पाण्याच्या टाकीजवळ. कापडाला एक फट होती. तिथून ते वर्षानुवर्षं सगळं पाहत आणि आपल्याशीच पुटपुटत.

"मले तिथूनच बरं दिसते," ते म्हणाले. "अन् मधातच पाणी माराले बोलावलं तर?"

"उद्या तुम्ही पाणी मारणार नाही."

"रंजू, मले बसता येत नाही त्या लोकात."

"बाबा, बसायला काय शिकावं लागतं?"

मामा माझ्या बाजूने होता. त्यानं स्वतःचा इस्त्रीचा शर्ट आणला. बाबांनी तो घातला, बाह्या जरा लांब होत्या, आणि आरशात न बघता ते बाहेर पडले.

आमच्याकडे कुठल्याही कार्यक्रमात पुढच्या रांगेत खुर्च्या नसतात, सोफे असतात. पांढरी खोळ, पाठीवर टॉवेल, समोर काचेच्या टेबलावर काजू. असे सोफे निळ्या कोर्टाच्या बाजूला मांडले होते, रेषेपासून चारदोन पावलांवर. मधल्या सोफ्यावर सेक्रेटरी आणि एका मोठ्या साहेबांच्या पत्नी यांच्यामध्ये बाबा. ते सोफ्याच्या कडेवर बसले होते, कुणी उठवण्याची वाट पाहत असल्यासारखे. कुणी साहेब आला, की उभे राहायचे. सेक्रेटरी हाताला धरून खाली बसवायचे. दुसरा आला, की पुन्हा उभे. पहिल्या सेटमध्ये मी सर्व्हिस करायला वळले की मला तो लांब बाह्यांचा शर्ट उठता-बसताना दिसायचा.

समोर हैदराबादची डावखुरी मुलगी होती. पहिला सेट मी घेतला, दुसरा तिनं. तिसऱ्यात मी पुढे गेले. एव्हाना बाबांनी उठणं सोडलं होतं. खेळानं त्यांना धरलं होतं. कोपर गुडघ्यावर, मान पुढे, ओठ हलताहेत, अगदी टाकीजवळ उभे राहायचे तसे. मला बरं वाटलं. म्हटलं, बघ, शिकले बसायला.

मॅच पॉइंट. माझा. हा एक पॉइंट मिळाला, की सामना, गुण, यादी.

बॉल पुष्कळ वेळा इकडून तिकडे गेला. मग त्या मुलीनं सोफ्यांच्या बाजूच्या रेषेवरून एक सरळ, सणसणीत फटका मारला. चांगला होता, पण मी निघालेच होते. पोचणार होते. माझे पाय मला सांगत होते, की पोचणार.

"शॉट!"

सोफ्यावरून. मोठ्यानं, मनापासून, बॉल टप्पा घेण्याआधी.

आणि मी थांबले.

विचार केला नाही. विचाराला वेळच नव्हता. तो आवाज आला, की रॅकेट खाली, असं माझे पाय लहानपणापासून शिकले होते. बॉल रेषेच्या आत पडला, माझ्यापासून दोन हातांवरून गेला. पंचांनी पॉइंट तिला दिला. लोकांच्या आवाजामुळे पॉइंट पुन्हा खेळवला जात नाही, नियमच तसा आहे. पंचांनी माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं मात्र. तक्रार करायची तर मला सोफ्याकडे बोट दाखवावं लागलं असतं. मी तारा सरळ करत राहिले.

बाबा टाळ्या वाजवत होते. चांगल्या फटक्याला मार्कर टाळ्या वाजवतो, कुणाचाही असो.

पुढचं सांगण्यासारखं नाही. दोन पॉइंट हातचे गेले, मग तो गेम, मग सामना. जाळीजवळ हात मिळवताना ती मुलगी हळूच म्हणाली, "तू का थांबलीस?" तिला पॉइंट असा नको होता. इडलीवालीची मला तेव्हा आठवण झाली.

बाबा कपडे बदलायच्या खोलीबाहेर उभे होते. शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या. त्यांनीही तेच विचारलं.

"काहून थांबली वं? बॉल चालू होता ना."

मी म्हटलं, पाय दुखला. त्यांनी लगेच वाकून पाय चेपायला घेतला, तिथेच, व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. मी चेपू दिला.

मी त्यांना कधीच सांगितलं नसतं. मामानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्याचा तोल गेला. "भाऊजी, त्या पोट्टीचा घात तुमच्या सवयीनं केला. जन्मभर दुसऱ्याले शॉट, शॉट! कालच्या दिवशी तरी तोंड बंद ठेवता आलं असतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणायला हवं होतं, आणि मी म्हटलंही, पण त्या आधी जो क्षण गेला तो त्यांनी पाहिला. त्यांनी कप खाली ठेवला, बुटाच्या नाड्या बांधल्या आणि कामावर गेले.

त्या दिवसापासून बाबा कोर्टावर 'शॉट' म्हणाले नाहीत. कुणालाच नाही. साहेबांना आधी नेमकं काय बदललं ते कळेना. बॉल तसाच यायचा, कमरेइतका, उजव्या हाताला, पण मारल्यावर पलीकडून काही आवाज नाही. शांतता. आपण वाईट खेळतोय की काय, असं त्यांना वाटायला लागलं. मग ते म्हणायला लागले, मार्करचा स्वभाव बिघडला, मुलगी सोफ्यावर बसवून गेली आणि म्हातारा डोक्यावर बसला. वर्षाच्या आत क्लबनं दुसरा मार्कर ठेवला. बाबांना पत्त्यांच्या खोलीत दिलं, पाणी आणि राखेच्या बशा बघायला. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. मामानं त्यावर पत्रक काढायचं ठरवलं होतं. बाबांनी त्याच्यापुढे हात जोडले, "माह्या नावानं काही छापू नको, प्रभाकर." मामानं ते पत्रक काढलं नाही. त्यानं न काढलेलं मला माहीत असलेलं तेवढं एकच पत्रक.

मी आणखी काही वर्षं खेळले. इडलीवाला गुण पुसला गेला, मग रॅकेटवाला गुणही. पुन्हा एकदा दोनावर पोचले, तेवढ्यात खांदा गेला. जगाच्या यादीत माझं नाव एकही दिवस नव्हतं.

मला लोक विचारतात, खुर्ची मागितलीस ते चुकलं का? नाही. मी आजही मागेन. जो माणूस रोज पहाटे कोर्ट झाडतो, त्यानं ते बसून पाहिलं पाहिजे, आणि हे कुणाच्या मेहरबानीवर असता कामा नये. पण मागणी त्यांच्या नावानं होती आणि ती मी लिहिली होती. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी काय मागितलं असतं, कोण जाणे. कदाचित वार्षिक स्पर्धेत एकदा खेळायला मागितलं असतं, खरंखुरं, जिंकण्यासाठी. मला हे आता सुचतं. बाबांना तेव्हाही सुचत असणार. त्यांना कुणी विचारलंच नाही, आम्ही पत्रकवाल्यांनीही नाही.

आता मी नव्या रायपुरात एका अकादमीत शिकवते. रस्ते एवढे रुंद आणि मोकळे, की माणसापेक्षा वारा जास्त असतो. आईबाप मोटारीतून मुलं आणून सोडतात. दिवसभर मी मुलांना बॉल टाकते, कमरेइतका उंच, जरा सावकाश, उजव्या हाताला. अकादमीच्या पाटीवर माझ्या नावापुढे 'प्रशिक्षक' असं आहे. मला ठाऊक आहे मी कोण आहे.

रविवारी कोर्ट रिकामं असतं, तेव्हा मी बाबांना स्कूटरवर मागे बसवून नेते. पंच्याहत्तरीकडे आलेत. पळत नाहीत, पण हात तोच. मागच्या रविवारी आम्ही बराच वेळ खेळत होतो. एक बॉल जरा आखूड टप्प्याचा आला, आणि मी खांद्याचा विचार न करता रेषेवरून मारला, सरळ, अगदी त्या हैदराबादच्या मुलीसारखा. पूर्वीचे बाबा असते तर शब्द कधीच बाहेर पडला असता. त्यांचे ओठ उघडले, मला दिसलं, आणि मिटले.

बॉल अजून हवेत होता. "बाबा, म्हणा ना."

"थांब," ते म्हणाले. "पडू दे आधी."

बॉल पडला, मागच्या जाळीला लागला, परत थोडा घरंगळत आला आणि थांबला. बाबा सावकाश चालत गेले, वाकले, बॉल उचलून पॅन्टला पुसला. त्याचा टप्पा जिथे पडला होता तिथे जरा वेळ पाहत उभे राहिले. माझ्याकडे न बघता, टाकीजवळ पुटपुटायचे त्या आवाजात म्हणाले,

"शॉट होता."

आणि पुढचा बॉल माझ्या उजव्या हाताला टाकला.